कैफियत आणि गाणे

वामनदादा कर्डक यांच्याविषयी वर्षातून दोनदा, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी १५ ऑगस्टला आणि स्मृतिदिनी १५ मे रोजी, जे लेख आपल्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात ते मी गेली अनेक वर्षे आवर्जून वाचीत आलो आहे. आणि त्या लेखांतील आदराविषयी तिळमात्र शंका नसूनही, ते वाचून झाल्यावर दरवेळी एकच उणीव मनास डाचते, ती ही की, त्यांत वामनदादांचे हाल भरपूर असतात आणि वामनदादांचे गाणे जवळजवळ नसते.

त्या लेखांतील कथा आता सर्वांस परिचित आहे. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्याच्या देशवंडी या लहानशा गावी १९२२ साली झालेला जन्म, शाळेवाचून गेलेले बालपण, पोटासाठी गाठलेली मुंबई आणि तेथे मिळेल ते काम, बी. डी. डी. चाळीतील वास्तव्यात कोणी एकाने पत्र वाचून दाखव म्हणून पुढे केले असता, आपणास वाचता येत नाही हे कबूल करण्याची पाळी येऊन विशीतल्या त्या तरुणास कोसळलेले रडू. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडे गिरवलेली बाराखडी, आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत वश केलेली जोडाक्षरे. पुढे मोडलेला पहिला संसार आणि बालवयातच गेलेली लेक. हा वृत्तांत कोणाच्याही काळजास हात घालील असा आहे, आणि तो पुढच्या पिढ्यांस सांगितलाच पाहिजे. माझी तक्रार तो सांगितला जातो याविषयी नाही, तो सांगून झाला की लेख संपतो, याविषयी आहे. वाचकाची अशी समजूत होते की, एवढे दुःख सोसल्यावर गाणे आपोआप आलेच असेल. जखम झाली की रक्त यावे, तसे.

पण तसे असते तर त्या चाळींतील एका एका खोलीतून एक एक वामनदादा निघावयास हवा होता. निरक्षरता त्या मजल्यावर एकट्याच्या वाट्यास आलेली नव्हती. लेकरू दगावण्याचे दुःख तर त्या काळच्या दरिद्री घरांतून इतके सर्वत्र होते की, त्याची वेगळी नोंद ठेवण्याची कोणास फुरसत नसे. तेच दुःख, तोच नळ, तोच भोंगा हजारोंच्या वाट्यास आला. त्यांतून एकाने ३ मे १९४३ रोजी पहिले गीत रचले, ते विडंबन म्हणून, एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर रचले, आणि त्या दिवसापासून २००४ साली देह ठेवीपर्यंत एकसष्ट वर्षे तो रचीतच राहिला. ही एकसष्ट वर्षे म्हणजे गाणे. त्याआधीच्या एकवीस वर्षांत गाण्याचे बीज होते, हे मी मान्य करतो. परंतु बी पडलेल्या प्रत्येक जमिनीत पीक उभे राहत नाही, आणि नांगर धरणाऱ्या हाताचा उल्लेख न करता केवळ जमिनीच्या काळेपणाची स्तुती करीत राहणे हा त्या हातावर अन्याय आहे.

जुन्या दफ्तरांतून ‘कैफियत’ नावाचा एक कागद आढळतो. ज्याची जमीन गेली, ज्याचे वतन खालसा झाले, ज्यावर जुलूम झाला, त्याने आपली हकीकत सरकारदरबारी लेखी मांडावी, तीत तारीख, गाव, साक्षीदार सर्व यावे, आणि ती ज्याची त्याच्याच नावे दाखल व्हावी, असा त्याचा रिवाज होता. कैफियत खरी असली पाहिजे, एवढीच तिची अट; ती दुसऱ्या कोणास लागू पडण्याची गरज नसते, किंबहुना ती दुसऱ्यास लागू पडली तर तिचा दावाच कमकुवत होतो. गाण्याची अट नेमकी उलट आहे. गाणे एकाने रचलेले असले तरी ते हजारांच्या तोंडी त्यांचे स्वतःचे म्हणून बसले पाहिजे, आणि म्हणून जे जे केवळ रचणाऱ्याचेच आहे, ते ते काढून टाकण्याचे कठोर काम त्यास करावे लागते. स्वतःच्या दुःखातून स्वतःस वजा करणे, आणि वजा करूनही त्या दुःखाची धग कायम ठेवणे, ही ती विद्या होय. वामनदादांच्या ज्या गीतांवर आजही सभा उठून उभी राहते, त्यांत ‘माझी बायको गेली, माझी लेक गेली’ अशी फिर्याद नसते. त्यांच्या एका सुप्रसिद्ध गाण्यात देशातील धनाढ्य उद्योगपतींची नावे घेऊन, या संपत्तीत आमचा वाटा कोठे आहे, असा रोखठोक हिशेब मागितला आहे. तो मागणारा माणूस उपाशी राहिलेला आहे हे प्रत्येक शब्दास ठाऊक आहे, पण तो स्वतःच्या भाकरीविषयी अवाक्षर काढीत नाही.

त्यांस शाळा नव्हती, असे आपण फार सहज म्हणून जातो. सरकारी शाळा नव्हती, हे खरे. पण ज्या जिल्ह्यात ते वाढले तेथे दुसरी एक शाळा भरत होती, आणि ती रात्री भरे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा जुना साचा घेऊन त्यांत नवा मजकूर ओतण्याचा जो मार्ग घालून दिला होता, तो आंबेडकरी जलशांनी पुढे नेला, आणि त्यांत नाशिक जिल्ह्याच्या भीमराव कर्डक यांचा जलसा अग्रगण्य होता. आडनाव एकच, जिल्हाही एकच. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला तेव्हा वामनदादा आठव्या वर्षात होते, आणि येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा तेरा वर्षांचे. सिन्नर हे या दोन ठिकाणांहून फार दूर नव्हे. ज्या मुलुखात माणसे दिवसा सत्याग्रहास जात आणि रात्री कंदिलाच्या उजेडात जलसा ऐकत, त्या मुलुखातील मुलाच्या कानी काय काय पडले असेल, याचा विचार केला म्हणजे त्याच्या निरक्षरतेकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. वीस वर्षे भाषा त्यास केवळ कानावाटे भेटली. पुढे अक्षरे आली तीही पाट्यांवरून, सुटी सुटी, मोठमोठी, एकेकाचा उच्चार करीत घेतलेली. कागदावर वाढलेल्या कवीस शब्द दिसतो, वामनदादांस तो ऐकू येई. आणि त्यांच्या रचनेत एकही जागा अशी सापडत नाही की जेथे गाणारास श्वास अपुरा पडावा किंवा ऐकणारास मागची ओळ पुन्हा वाचून पाहावीशी वाटावी.

याचा प्रत्यय मी स्वतः घेतला आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी १४ एप्रिलच्या रात्री नाशकातील एका वस्तीत गायन पार्टी ऐकावयास गेलो होतो. मंच म्हणजे दोन बाजा जोडून त्यांवर अंथरलेली सतरंजी. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी आणि मागे तिघे कोरसवाले. समोर ताडपत्रीवर बसलेल्या बायका आणि त्यांच्या मांडीवर अर्धवट झोपलेली मुले. मुख्य गायक साठीचा होता, दिवसा हमाली करी. त्याने वामनदादांचे एक गीत उचलले, पहिला अंतरा होऊन तो ध्रुपदावर येतो न येतो तोच कोरसाच्या आधी त्या बायकांनी ध्रुपद घेतले. आणि तिसऱ्या अंतऱ्याच्या अखेरच्या शब्दापाशी ढोलकीवाल्याने हात उचलून धरला, गायकही थांबला, आणि त्या रिकाम्या मात्रेत तो शब्द साऱ्या वस्तीने भरला. तो शब्द तेथेच यावा, तेथे थांबताही यावे, आणि पूर्वी कधी न ऐकणाऱ्यासही तो आधीच सुचावा, अशी त्या ओळीची बांधणी होती. मीही तो शब्द म्हणालो, आणि ते गाणे मी त्या रात्रीच प्रथम ऐकत होतो. दोन गाण्यांच्या मध्ये गायकाच्या डोळ्यांत पाणी नव्हते. तो पेटीवाल्याशी पट्टीबद्दल बोलत होता. दुःखाचे गाणे गाणारा माणूस किती जबाबदारीने काम करीत असतो, हे मला त्या दिवशी उमगले.

शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव आले. संतांच्या अभंगात जशी ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ ही मुद्रा येते, तशीच ही. या एका शब्दाने वामनदादांनी काय साधले याचा मी अनेकदा विचार केला आहे. ज्या समाजास मंदिराच्या पायरीवर उभे राहण्याची बंदी होती आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव क्वचितच चढे, त्या समाजातील माणसाने आपली सही अशा ठिकाणी करून ठेवली की, गाणे गाणाऱ्या प्रत्येकास ती उच्चारावीच लागते. ही सही दुःखाची नाही. कारागिराने भांड्याच्या बुडाशी आपली खूण उमटवावी, तशी ती रचनेच्या मालकीची आहे.

उसन्या चालीविषयी काही रसिक नाक मुरडतात, त्यांच्याशी माझा स्पष्ट मतभेद आहे. ज्याच्यापाशी वादक ठेवण्यास पैसा नाही, तालमीस जागा नाही, आणि ज्याचा श्रोता दिवसभर काम करून दमून आलेला आहे, त्याने त्या श्रोत्याच्या कानात आधीच असलेली चाल घेऊन तीत नवा अर्थ घालणे, हे दारिद्र्याचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण आहे. कीर्तनकारांनी हेच केले, जात्यावरच्या बायकाही एकाच ‘गळ्या’वर शेकडो ओव्या बांधीत आल्या. शिवाय चाल उसनी घेतली की तिच्या मापात बसण्याचे बंधन येते, आणि ते पाळणे नवी चाल बांधण्याहून सोपे आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी एकदा करून पाहावे.

वैयक्तिक ताटातूट सार्वजनिक गाणे कसे होते, याचा मराठीतील सर्वांत स्पष्ट दाखला अण्णा भाऊ साठे यांनी घालून दिला आहे. वाटेगावाहून पायपीट करीत मुंबईस आलेल्या, शाळेत दीडच दिवस गेलेल्या या माणसाने १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक उभे केले, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या रणधुमाळीत ‘माझी मैना’ ही छक्कड लिहिली. तिच्या आरंभी एक गरीब माणूस गावी राहिलेल्या आपल्या सखीची आठवण काढतो. तिचे रूप, निरोपाची घटका, मुंबईत आल्यावरची तगमग, सर्व काही अगदी खाजगी. ऐकणारा त्या विरहात पुरता गुंतला, की मग कवी कोठेही खटका न जाणवू देता त्यास मुंबईच्या रस्त्यावर, तेथून लढ्यात, आणि तेथून सीमेपलीकडे राहिलेल्या बेळगाव-कारवारापाशी आणून सोडतो. आणि मग आपल्या ध्यानी येते की, दुरावलेली मैना आता एका गड्याची राहिलेली नाही. हे वळण कोणत्या ओळीवर घ्यावयाचे, त्याआधी श्रोत्यास किती वेळ विरहात ठेवावयाचे, हे चिरागनगरच्या झोपडीतील दारिद्र्याने अण्णा भाऊंस शिकविले नाही. ते त्यांनी तमाशाच्या बोर्डावर, वगनाट्यांच्या रचनेत, गिरणगावातील हजारो श्रोत्यांच्या समोर वर्षानुवर्षे खपून मिळविले.

केशवसुत १९०५ साली प्लेगने गेले, बालकवी १९१८ साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. तरीही त्यांच्या कवितेवरील विवेचन कोणी प्लेगापासून किंवा रुळांपासून आरंभीत नाही. तेथे वृत्त पाहिले जाते, प्रतिमा पाहिली जाते, इंग्रजी कवितेचा परिणाम किती याचा खल होतो. शाहिराची, लोकगायकाची पाळी आली, विशेषतः तो दलित असला, की आपण एकदम त्याच्या पोटाकडे वळतो. श्रेय दुःखास द्यावयाचे आणि बुद्धीस नाकारावयाचे, ही वहिवाट आपल्याकडे फार जुनी आहे. ती सहानुभूतीच्या वेषात आली म्हणून तिचा अन्याय कमी होत नाही. कोणी म्हणेल की, रचनेची चर्चा करू लागलो तर गाण्यातील विद्रोह बोथट होईल, हाल विसरले जातील. मला तसे वाटत नाही. शस्त्रास पाणी कसे दिले आहे हे पाहिल्याने त्याची धार जात नाही.

आणि गाण्याने दुःख हलके होते, असा जो गोड समज आपण बाळगून आहोत, तोही तपासून पाहिला पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यांत दहा माणसे मेली. शाहीर विलास घोगरे, ज्यांच्या आवाजाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील किती तरी सभा जागत्या ठेवल्या होत्या, त्यांनी त्यानंतर चौथ्या दिवशी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाचा आरंभ याच घटनेतून झाला आहे. घोगरे यांच्यापाशी गाणे होते, गळा होता, श्रोते होते. गाण्याने समाजाचे बळ वाढते, हे खरे. परंतु गाणाऱ्याच्या घरचे ओझे ते उचलील, असे मानून आपण निश्चिंत होतो, तेव्हा आपलेच कर्तव्य त्याच्या कलेवर ढकलीत असतो. शाहिरास औषधपाणी, घर, मानधन आणि संकटात सोबत ही माणसांनी द्यावयाची असतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. वामनदादांची ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ ही गीतसंग्रहांची पुस्तके आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन छापले गेले, हे आपले भाग्य. पण त्यांनी हजारो गीते रचली, आणि जी छापली गेली तीही अर्धीच छापली गेली, कारण छापील पानावर शब्द येतात, चाल येत नाही. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत काय घडले ते पाहा. तिशीत वैधव्य आलेली, अक्षरओळख नसलेली ती असोद्याची लेक शेतात आणि घरोट्यावर गात राहिली. सोपानदेवांसारखा कवी पोटी जन्मला म्हणून ती गाणी कागदावर उतरली, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मराठी भाषेवरील हे ऋण फिटणारे नाही. परंतु बहिणाबाईंच्या ओव्या आज आपण ज्या सुरात गुणगुणतो तो सूर बहुधा १९६१ सालच्या ‘मानिनी’ चित्रपटाचा, वसंत पवार यांनी बांधलेला आहे. चाल सुरेख आहे. पण ती बहिणाबाईंची नव्हे. घरोट्याची घरघर मागे धरून त्या कोठे आवाज लांबवीत, कोठे दम घेत, ते कायमचे गेले.

ते वाचविता येते, याचाही पुरावा महाराष्ट्रातच आहे. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गाव टिपले. कित्येकींचा आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवला. ज्या बायकांची नावे तलाठ्याच्या दफ्तरातही शोधून सापडली नसती, त्या येथे रचनाकार म्हणून नोंदल्या गेल्या. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन व भाषणे १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केली. त्याच निष्ठेने, त्याच इतमामाने, बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत पोहोचविणाऱ्या गायकांचा आवाज, चालीसह, साल आणि स्थळासह, जतन करणारे एक दफ्तर शासनाने उभारावे, आणि विद्यापीठांच्या मराठी व संगीत या दोन्ही विभागांनी त्यांत एकत्र काम करावे, अशी माझी मागणी आहे. वामनदादांच्या मागे बसून ज्यांनी ढोलकी धरली, ज्यांनी त्यांच्या तोंडून चाल उचलली, ती माणसे आज सत्तरी-पंच्याहत्तरीच्या घरात आहेत.

परंतु शासनाचा ठराव होईपर्यंत थांबण्याइतका अवधी या कामास नाही. वाचकहो, ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या कॅसेटी पडून असतील त्यांनी त्या खाली काढाव्यात, पुसाव्यात, आणि गायक कोण, गाव कोणते, साल कोणते, हे आठवत असेल तेवढे चिठ्ठीवर लिहून आत ठेवावे. आपल्या वस्तीत कोणी वृद्ध गायक असेल तर त्याच्यापाशी जाऊन बसावे, त्याचे गाणे पूर्ण ऐकून घ्यावे, ध्वनिमुद्रित करावे. आणि त्याने किती हाल सोसले हे विचारण्याआधी, ही चाल त्याने कोणाकडून घेतली आणि ध्रुपदावर येताना तो तेथे का थांबतो, हे त्यास विचारावे.